चाळ, टॉवर आणि मधली भिंत

मुंबईच्या दक्षिण आणि मध्य भागातल्या जुन्या मराठी वस्त्या गेली चार दशके श्रीमंतांच्या हाती जात आहेत. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत चाळी आणि तीन-चार मजली जुन्या इमारती पडतात, त्यांच्या जागी चाळीस-पन्नास मजली टॉवर उभे राहतात. या टॉवरमधल्या एका गाडीच्या किमतीत शेजारच्या चाळीतले कुटुंब कित्येक वर्षांचा संसार चालवते. एकाच गल्लीत ऐपतीचे इतके अंतर आले की पाण्याची वेळ, गाड्या लावायची जागा, गणपतीचा मांडव, मासळीवाल्या बाईने कुठे बसायचे अशा गोष्टींवरून खटके उडू लागतात. दिसायला हे शेजाऱ्यांचे भांडण असते. खरा वाद मात्र शहराच्या या जमिनीवर कोणाचा आणि किती काळ हक्क राहणार, हा आहे.

जगातल्या मोठ्या शहरांना हा प्रकार नवा नाही. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ साली लंडनच्या कामगार वस्त्यांबद्दल लिहिताना त्याची पहिली नेमकी मांडणी केली. मध्यमवर्ग जुनी घरे विकत घेतो, दुरुस्त करतो, भाडी वाढतात आणि मूळचे रहिवासी बाहेर पडतात, असा तो क्रम होता. मुंबईला हा क्रम जसाच्या तसा लागू पडत नाही. इथला चाळकरी साधा भाडेकरू नव्हता. त्याच्याकडे भाडेपावती होती, तिच्यामागे कायदा होता, आणि तो हलल्याशिवाय इमारत पाडता येत नव्हती. म्हणून मुंबईत टॉवर उभा करायचा तर चाळकऱ्याला त्यात घर द्यावे लागले. लंडनमध्ये एका वर्गाने दुसऱ्याला रस्त्यापलीकडे ढकलले. मुंबईत दोन्ही वर्ग एकाच आवारात येऊन पडले. या विषयाचे वेगळेपण इथून सुरू होते.

चारही वस्त्यांची जडणघडण मात्र वेगवेगळी आहे. गिरगाव हे कारकुनांचे, शिक्षकांचे, छापखानेवाल्यांचे आणि छोट्या दुकानदारांचे. मुगभाट, फणसवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी या नावांतच जुन्या वाड्यांचा आणि बागांचा माग आहे. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. इथल्या चाळकऱ्याच्या हाती पैसा बेताचा होता, पण शाळा, ग्रंथालय, नाटक, व्याख्यानमाला पायी जाण्याच्या अंतरावर होत्या, आणि पुढच्या पिढीला वर चढायला ते पुरेसे होते.

दादर हे आखून वसवलेले उपनगर. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीची भीती घातली, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या योजनेतून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, रुंद रस्ते, झाडांच्या रांगा आल्या. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी यांनी इथे बिऱ्हाडे केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्त्यांत परळ आणि दादर यांच्यातले अंतर स्पष्ट दिसते. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत त्यांनी सुमारे दोन दशके काढली आणि नंतर हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले. दोन ठिकाणांमध्ये अंतर फार तर दोन-अडीच किलोमीटरचे, पण शहराच्या सामाजिक उतरंडीत ते फार मोठे होते.

परळ आणि लालबाग म्हणजे गिरणगावचा गाभा. ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी स्थापन केली. पुढच्या अर्धशतकात भायखळ्यापासून वरळी-शिवडीपर्यंत चिमण्यांची दाटी झाली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागांतून आलेला माणूस आधी गावकऱ्यांच्या खोलीत उतरे. दहा बाय बाराची खोली, भिंतीला खुंट्या, प्रत्येकाची पत्र्याची पेटी, कोपऱ्यात मोरी. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. ही खानावळ म्हणजे बहुधा चाळीतलीच एखादी बाई, दोन वेळचे दहा-वीस जणांचे रांधून महिनाअखेर हिशेब घेणारी. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अशाच बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणीचा पगार, चाळीतली खोली, खानावळीची उधारी, वाण्याची वही, गावाकडची मनीऑर्डर यांची एक साखळी होती. तिच्यातला एक दुवा तुटला की बाकीचे फार दिवस टिकणारे नव्हते.

या वस्तीचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकली जाते. गिरणगावात आतही पायऱ्या होत्या. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे दलित कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगार विटाळ मानत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. राहण्याच्या जागाही जातीप्रमाणे, गावाप्रमाणे वाटलेल्या असत. चाळ हे एकोप्याचे घर होते हे खरे, पण तो एकोपा कोणाशी आणि कोणाला वगळून, हे विचारल्याशिवाय आजच्या तणावाचा अर्थ लागत नाही. वरळी आणि नायगावच्या सरकारी बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींतल्या दलित कुटुंबांना आज पाचशे चौरस फुटांचे मालकी हक्काचे घर मिळते, तेव्हा त्यांच्यासाठी ते केवळ चाळ संपल्याचे दुःख नसते.

भाडेकरूच्या हक्काचा पाया १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घातला. १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानून ते गोठवले गेले. युद्धकाळात आणि फाळणीनंतर शहर माणसांनी फुगले होते, आणि त्या कायद्याने लाखो कुटुंबांचे छप्पर वाचवले. पण भाडे तिथेच थांबले आणि चुना-विटांचे भाव वाढत गेले. चाळमालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला घर सोडवेना. या कोंडीतून पागडी आली. खोली सोडणारा नव्या भाडेकरूकडून मोठी रक्कम घेई, त्यातला वाटा मालकाला मिळे, आणि नवा माणूस पुन्हा त्याच जुन्या भाड्यावर राहू लागे. कायद्याला न जुमानता चाललेला हा व्यवहार इतका रुळला की १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने शेवटी त्याला मान्यता दिली. त्याआधी दोनच वर्षे, १९९७ मध्ये, गोठवलेली भाडी आता अवाजवी झाली आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने सुनावले होते.

दरम्यान इमारती खचत होत्या. १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळ काढले आणि इमारतींवर उपकर बसवला. शहर बेटावर अशा सुमारे १९ हजार ६०० उपकरप्राप्त इमारती होत्या, त्यातल्या बहुसंख्य १९४० पूर्वीच्या. मंडळ टेकू लावी, तुळया बदली. पावसाळा आला की अतिधोकादायक इमारतींची यादी छापून येई. ज्यांची इमारत पडली किंवा रिकामी केली गेली, त्यांना गोरेगाव, शीव, विक्रोळी अशा ठिकाणच्या संक्रमण शिबिरांत पाठवले गेले. काही महिन्यांसाठी म्हणून गेलेली कुटुंबे तिथे दोन-दोन पिढ्या राहिली. १९८६ मध्ये सरकारने आणखी पुढचे पाऊल उचलले. सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मालकाला देऊन इमारत ताब्यात घेण्याची तरतूद झाली. मालकांच्या संघटनेने ती न्यायालयात नेली. तो वाद तीन दशकांहून अधिक काळ चालला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने बहुमताने ठरवले की खासगी मालकीची प्रत्येक मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. गिरगावातल्या एखाद्या गळक्या चाळीचा प्रश्न राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदापर्यंत जाऊन पोहोचला होता.

गिरण्यांची जमीन ही या कहाणीची दुसरी आणि मोठी बाजू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, आणि त्याबरोबर हजारो नोकऱ्या गेल्या. संपाने गिरण्या बुडाल्या असे एका ओळीत सांगण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे. यंत्रे जुनी झाली होती, नफा मागातून काढून दुसरीकडे गुंतवला जात होता, कापडाचा धंदा यंत्रमागांकडे सरकत होता, आणि गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा महाग झाली होती. मालकाच्या दृष्टीने चालू गिरणी हा त्या जमिनीवरचा अडथळा ठरला.

सुमारे ५८ गिरण्यांच्या ताब्यात ६०० एकरांच्या आसपास जमीन होती. इतक्या दाट शहराच्या मध्यभागी, रेल्वेच्या दोन मार्गांमध्ये, एवढी जमीन एकाच वेळी मोकळी होणे ही दुर्मीळ संधी होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने तिची ढोबळ वाटणी ठरवली. एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला) परवडणाऱ्या घरांसाठी, उरलेली मालकाला. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनीचा एकत्रित आराखडा मांडला होता. तो बाजूला पडला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त 'रिकाम्या' जमिनीची करायची असे ठरले. गिरणीच्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या होत्या ती हिशेबातून वगळली गेली, आणि शहराचा व म्हाडाचा वाटा आकसून गेला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये या बदलाच्या विरोधात निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. दरम्यान २००५ मध्ये महामंडळाच्या ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, मुंबई टेक्स्टाइल आणि दादरची कोहिनूर अशा गिरण्यांच्या जमिनी लिलावात गेल्या. मुंबई टेक्स्टाइलची बोली ७०२ कोटींची होती, कोहिनूरची ४२१ कोटींची.

१९९१ ते २००६ या पंधरा वर्षांत गिरणगावची शेवटची मोठी सार्वजनिक संधी हातची गेली, असे ठामपणे म्हणावे लागते. दोनशे एकर मोकळी जागा आणि जवळपास तेवढीच जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळाली असती, तर आजचा परळ वेगळा दिसला असता. तसे न होता फिनिक्सच्या आवारात मॉल आला, कमला मिलमध्ये कार्यालये आणि उपाहारगृहे आली, श्रीनिवास मिलच्या जागी देशातल्या सर्वांत उंच निवासी मनोऱ्यांपैकी काही उभे राहिले. जाहिरातींत लोअर परळचे 'अप्पर वरळी' झाले. रस्ते आणि पूल मात्र जुनेच राहिले. गिरणी कामगारांच्या काळातल्या रेल्वे पुलांवरून आता नव्या कार्यालयांतला नोकरवर्ग चालू लागला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कमला मिलमधल्या आगीत १४ बळी गेले. गगनचुंबी इमारतींना परवानगी देताना त्यांच्याकडे चालत येणाऱ्या माणसांचा विचार झाला नव्हता.

कामगारांच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब छोटा आहे. घरासाठी दीड लाखांहून अधिक कामगारांनी किंवा त्यांच्या वारसांनी अर्ज केले. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची. पुढे २०१६ आणि २०२० मध्ये सोडती झाल्या. आजवर निघालेली घरे अर्जांच्या दशांशाच्या आसपास भरतात. बाकीच्यांसाठी शेलू आणि वांगणी इथल्या घरांचे प्रस्ताव आले, तेव्हा कामगार संघटनांनी २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चा काढून मुंबईतच घर मागितले. ज्याने चाळीस वर्षे परळच्या भोंग्यावर घड्याळ लावले, त्याला कर्जतच्या वाटेवर घर घ्यायला सांगणे त्यांना अन्यायाचे वाटले, आणि तो अन्यायच आहे.

गिरणीच्या भिंतीबाहेरच्या चाळींचे काय झाले ते विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ३३(७) ने ठरवले. उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास केला, तर विकासकाला जादा चटईक्षेत्र मिळते. रहिवाशांना तो फुकट घर देतो आणि उरलेले बांधकाम खुल्या बाजारात विकतो. रहिवाशांची संमती आधी सत्तर टक्के लागे, नंतर ती एक्कावन्नवर आली. हे गणित जुळण्यासाठी विक्रीची घरे महागच असावी लागतात. तेव्हा श्रीमंतांचा टॉवर आला म्हणून चाळकऱ्याला घर मिळाले आणि चाळकरी होता म्हणून विकासकाला टॉवर बांधता आला, असे हे परस्परांना धरून असलेले नाते आहे. दोघांनाही ते फारसे आवडत नाही.

पुनर्विकासाची सुरुवात चाळीच्या कमिटीच्या बैठकीत होते. दोन-तीन बिल्डर येतात, चौरस फुटांचे आकडे बोलले जातात, कॉर्पस (रहिवाशांसाठीचा ठेव निधी) किती, पर्यायी घराचे भाडे किती, बँक हमी आहे का, याची चर्चा होते. पहिल्या बैठकीतच चाळ दोन गटांत फुटते. जिच्या मुलाचे लग्न घर नाही म्हणून अडले आहे ती बाई लवकर सही करू पाहते; तळमजल्याचा दुकानदार अडून बसतो, कारण रस्त्यावरचा गाळा गेला की त्याचे गिऱ्हाईक जाते. मग चाळ रिकामी होते आणि लोक भाड्याने डोंबिवली, विरार, कल्याणला जातात. काम वेळेत झाले तर चार-पाच वर्षांनी परततात. बिल्डर पैशांअभावी थांबला, की भाडे बंद होते, जोत्यावर गवत उगवते आणि म्हातारी माणसे परकी जागाच घर मानून तिथेच संपतात. दक्षिण-मध्य मुंबईत अशा अर्धवट जोत्यांची संख्या थोडी नाही.

परत आलेल्याला काय मिळते तेही नीट पाहायला हवे. तीनशे चौरस फुटांच्या वर घर, स्वतःचे संडास-न्हाणीघर, लिफ्ट, मालकी. रात्री-अपरात्री सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांसाठी हा बदल किती मोठा आहे, हे चाळीच्या आठवणींत रमणाऱ्यांनी विसरू नये. पण आवारात बहुधा दोन इमारती असतात. रस्त्याकडची, अरुंद, खिडकीसमोर खिडकी असलेली पुनर्वसनाची, आणि मागे मोकळ्या हवेत पार्किंगच्या मजल्यांवर चढलेली विक्रीची. दोघींची फाटके वेगळी, रखवालदार वेगळे, लिफ्ट वेगळ्या. वरचा पोहण्याचा तलाव एका इमारतीसाठी, खालच्या टाकीचे पाणी दुसरीसाठी. मधे भिंत किंवा जाळी. चाळीची गॅलरी, जिथे लग्न ठरे, भांडण मिटे, पोर सांभाळले जाई, तिच्या जागी दोन्ही बाजूंना बंद दारांचा बोळ येतो.

त्यानंतर येते महिन्याचे मेंटेनन्स. चाळीत शंभर-दोनशे रुपये भाडे देणाऱ्या कुटुंबाला लिफ्ट, पंप, रखवाली, आगप्रतिबंधक यंत्रणा आणि मालमत्ता कर मिळून काही हजारांचे बिल येते. कॉर्पसचे व्याज त्याला पुरत नाही. ज्या घरात पेन्शन नाही, मुलगा कंत्राटी कामावर आहे, तिथे तीन-चार वर्षांत एकच विचार सुरू होतो. हे घर विकले, तर बदलापूरला दोन खोल्या घेऊन मुलीचे लग्नही होईल. कोणी हाकलत नाही. घर आपल्या सहीनेच विकले जाते, म्हणून त्याला विस्थापन म्हटले जात नाही.

ज्यांची सहीच लागत नाही ते त्याहून आधी जातात. पोटभाडेकरू, गावकीच्या खोलीत राहणारे, जिन्याखाली इस्त्रीचे टेबल मांडणारा, खानावळवाली, मसाला कुटून देणारी, भाजीची पाटी घेऊन बसणारी. पात्रता भाडेपावतीवर ठरते आणि यांच्या नावे पावती नसते. सगळ्या धोरणाचा हाच मूळ दोष आहे. कायद्याने खोली मोजली. त्या खोलीभोवती जगणारी वस्ती मोजली नाही.

गिरगाव आणि दादरमध्ये तणावाचे रूप वेगळे दिसते. गिरगावात मेट्रो ३ च्या स्थानकांसाठी जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. रहिवाशांनी आंदोलने केली आणि त्याच भागात पुनर्वसनाचे आश्वासन मिळवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगाव स्थानकासह संपूर्ण मार्ग सुरू झाला, आणि मेट्रोने जोडलेली जमीन आणखी महागली. दादरला, विशेषतः शिवाजी पार्कभोवती, जुने रहिवासी या व्यवहारात गरीब पक्ष नाहीत. घराच्या किमतीने ते कागदावर कोट्यधीश झाले आहेत. तरीही त्यांची मुले त्याच गल्लीत दुसरे घर घेऊ शकत नाहीत, आणि वस्ती वयाने म्हातारी होत जाते.

ऐपतीचे हे अंतर पुष्कळदा भाषेच्या आणि आहाराच्या नावाने बोलले जाते. मांसाहारी कुटुंबाला घर नाकारल्याच्या तक्रारी, मराठी-अमराठी वाद, ऑगस्ट २०२५ मधला दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरचा संघर्ष, यांत धर्म, भाषा आणि आरोग्य हे खरे मुद्दे आहेतच. पण त्यांना एवढी धार येते ती ज्याच्या हाती पैसा त्याच्या हाती वस्ती, या भावनेमुळे. निवडणुकीत भाषेचा मुद्दा लगेच उचलला जातो. मेंटेनन्सच्या बिलाचा मुद्दा अजून कोणत्याही पक्षाने नीट हाती घेतलेला नाही.

आता सर्वांत मोठा प्रयोग बीडीडी चाळींत चालू आहे. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या या २०७ चाळी आहेत. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२. खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकास म्हाडा करते आणि प्रत्येक पात्र कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे घर देते. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. इथे जमीन आणि यंत्रणा दोन्ही सार्वजनिक असल्याने खासगी बिल्डरची अडचण पुढे करता येणार नाही. पात्र भाडेकरूंच्या यादीबरोबर त्या आवारात पोट भरणाऱ्या प्रत्येकाची यादी व्हावी, देखभालीचा खर्च उत्पन्नाशी जोडावा, आणि दर पाच वर्षांनी मूळ कुटुंबांपैकी किती उरली हे म्हाडाने जाहीर करावे. वरळीत हे आजही सुरू करता येईल. शिवडीच्या चाळी मुंबई बंदराच्या जमिनीवर असल्याने त्यांचे काम मागे राहिले आहे. तिथे या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून करता येतील.